मार्चमधला तानपुरा

आमच्या घरात भुतं नव्हती. शेजारीपाजारी होती, लोणंदच्या आमच्या आळीत तर बरीच. पण आमच्याकडे त्यांना जागाच नव्हती. आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली, तेव्हा देव्हाऱ्याबरोबर भुताखेतांचंही गाठोडं बांधून त्यांनी घराबाहेर काढलं. आम्ही पोरं काही घाबरून सांगायला गेलो की त्यांचं एकच म्हणणं – "बघितलंस, ऐकलंस तेवढं सांग. बाकीचं राहू दे." बाकीचं राहू दिलं की बहुतेक वेळा सांगण्यासारखं काहीच उरायचं नाही.

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी बरेच दिवस वाचतेय. खरं सांगू? हसायला वाचते. वडाच्या झाडाखालची बाई, मागे वळून न बघणारा म्हातारा... राग मानू नका. पण माझ्याकडेही एक गोष्ट आहे आणि तिच्यातलं "बाकीचं" राहू दिलं तरी बरंच उरतं. म्हणून आजोबांच्या नियमानं लिहिते.

साल १९९९. साताऱ्यात कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून मी सांगलीत बसस्टँडच्या मागे एक खोली घेतली होती. खाली हार्डवेअरचं दुकान, वर मी आणि दोन कॉम्प्युटर. सकाळी मुलांचे क्लास घ्यायचे आणि दुपारी लोकांना वेबसाइट करून द्यायच्या. वेबसाइट म्हणजे काय हे आधी तासभर समजावायचं, मग चहा प्यायचा, मग समोरचा म्हणायचा, "बघू, दिवाळीनंतर." तरी चार-पाच जण गळाला लागले होते.

आणि मला एक खूळ होतं. कुठल्याशा मासिकात वाचलं होतं की वेबसाइट ताजी पाहिजे – दर आठवड्याला काहीतरी नवीन दिसलं नाही तर माणूस पुन्हा फिरकत नाही. झालं. मी माझ्या गिऱ्हाइकांच्या मानगुटीवरच बसले. बेदाणेवाल्याला म्हणायचे, या आठवड्यात काय नवीन? तो म्हणायचा, "बेदाणाच की ताई. दुसरं काय असणार?"

या सगळ्यांत माझं आवडतं गिऱ्हाईक म्हणजे मिरजेचे उस्मानचाचा. तानपुरे बनवायचे. गल्लीत रस्त्यावर उघडणारं लांबट दुकान, आत आढ्याला टांगलेले वाळके भोपळे, जमिनीवर लाकडाचा भुसा आणि मागच्या दाराआड त्यांचं घर. त्यांचा मुलगा रफीकभाई, पस्तिशीचा, अबोल. सून शबानाभाभी. हॉलंडला राहणाऱ्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या आग्रहावरून चाचांनी वेबसाइट करायला होकार दिला होता, पण "दर आठवड्याला नवीन" ऐकून ते पोट धरून हसले.

"आवं बेटी, तानपुरा काय पेपर हाय व्हय, रोज नवा छापायला? भोपळा त्योच, तारा त्याच, सा त्योच."

"पण प्रत्येकाचा आवाज वेगळा असतो ना चाचा?"

"त्यो असतोय." ते एकदम गंभीर झाले. "त्यो तर असतोयच."

बस, तिथं मला वाट सापडली. दर गुरुवारी मी सांगलीहून सिटी बसनं मिरजेला जायचे. त्या आठवड्यात जो तानपुरा तयार असेल तो रफीकभाई छेडायचे आणि मी माझ्या टेपरेकॉर्डरवर कॅसेटमध्ये अर्धा-पाऊण मिनिट टिपून घ्यायचे. सांगलीला येऊन ते वायर जोडून कॉम्प्युटरमध्ये घ्यायचं, दाबून दाबून लहान करायचं आणि वेबसाइटवर चढवायचं. चढवायलाच दुपार जायची. फोन खालच्या दुकानाशी सामाईक होता. मध्येच हार्डवेअरवाल्यानं रिसीव्हर उचलला की सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि माझ्या शिव्याही पहिल्यापासून.

आता थोडं तानपुऱ्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. तानपुऱ्याच्या तारा भोपळ्यावरच्या एका चपट्या पट्टीवर टेकतात. तिला घोडी म्हणतात. ही घोडी कानशीनं अगदी केसाएवढी घासून तिला असा उतार द्यायचा की तार छेडली की नुसती टण्ण न वाजता गुंजत राहील. त्याला म्हणतात जवारी काढणं. बाकी सगळं जमलं आणि जवारी बिघडली, तर तानपुरा मुका. प्रत्येक कारागिराची जवारी निराळी, जाणकाराला हातावरून ओळखू येते.

आणि उस्मानचाचांच्या घरात रीत होती – जवारी घरातल्या मोठ्यानंच काढायची. ज्या दिवशी बाप आपली कानस मुलाच्या हातात देईल, त्या दिवसापासून मुलगा कारागीर. तोवर तो मदतनीस. चाचांची कानस फडक्यात गुंडाळून खिळ्याला टांगलेली असायची. रफीकभाई भोपळे कापायचे, दांडी बसवायचे, नक्षी आणि पॉलिश करायचे, खुंट्या घडवायचे. कानशीला हात लावायचे नाहीत. पस्तीस वर्षांचा माणूस! मी एकदा चाचांना खडसावून विचारलं, कधी देणार? ते म्हणाले, "त्याचा हात मला ऐकू आला की दीन." मला राग आला होता. कानस हातात दिल्याशिवाय हात ऐकू येणार कसा?

फेब्रुवारीत चाचांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मिरजेतल्याच एका दवाखान्यात त्यांना ठेवलं. दुकान थांबलं. चार तानपुरे घोडीपर्यंत येऊन भिंतीला टेकलेले, आणि जवारी काढायला कुणी नाही.

मार्चमधल्या एका गुरुवारी मी तरीही गेले. भेटायला म्हणून, आणि खोटं कशाला सांगू, वेबसाइटचं पान शिळं झालं होतं म्हणूनही. रफीकभाई एकटेच एका दांडीला रंधा मारत बसले होते.

"ताई, या टायमाला कायबी न्हाई," ते म्हणाले. "आता कवाच नसंल कदाचित. अब्बा असं पडले, आन मला तर..." त्यांनी खिळ्यावरच्या फडक्याकडे बघितलं आणि पुन्हा रंधा धरला.

मी म्हटलं, "रंधा मारताय तेच टिपते. लोकांना तेही ऐकायला आवडेल." माझी कॅसेट सांगलीतच राहिली होती, म्हणून स्टेशनजवळून नवी घेतली होती. तिचा कागद मी चाचांच्या दुकानातच फाडला. टेप चालू केला. रंध्याचा खर्र-खर्र आवाज, बाहेरून एखादी सायकलची घंटा. चक्रं फिरताना मी बघितली. बंद केला, निघाले.

सांगलीला येऊन लावला तर रंधा नाही. तानपुरा.

आणि कसला तानपुरा! मला गाण्यातलं काही कळत नाही, पण मी खुर्चीत मागे टेकून बसले. खोली भरून गेली. मध्येच लांबून लहान मूल रडायला लागलं. एक म्हातारा आवाज बोबडा, जड – "रोने दे उसकू... तू बजा." तानपुरा चालूच. मग मूल फटाफट शिंकलं आणि कुणीतरी बाई हसली. हसली म्हणजे काय, खिंकाळली. मनात आलं, कोण ही बाई, चांगल्या रेकॉर्डिंगची वाट लावली.

मी अजिबात घाबरले नाही. कॅसेट बदलली असणार. त्यांच्या दुकानात जुन्या कॅसेट पडलेल्या असायच्या, घाईत त्यातली उचलली असेन. चाचांचंच जुनं काम आहे, घरचं बाळ आहे, छान आहे. दिलं चढवून. वर लिहिलं, "या आठवड्यातलं नवीन".

आठवड्याभरात हॉलंडहून एका गायिकेची ई-मेल आली. तिला तोच तानपुरा हवा होता, दुसरा कुठलाही नको. खाली लिहिलं होतं – बाळाचं रडणं कापून टाकू नका, मला ते आवडलं.

मी फोन केला. रफीकभाई सांगलीला आले. हेडफोन लावून ऐकायला बसले. मी चहा सांगायला उठले आणि परत आले तर ते रडत होते.

"ही अब्बांची जवारी हाय," ते म्हणाले. "ह्याच्यापेक्षा चांगली मी त्यांचीबी ऐकली न्हाई. पण त्यो तानपुरा कुठला, मला वळखंना. आवाज अब्बांचाच... असा जड का लागतोय?"

"जुनी कॅसेट आहे, घसटली असेल. आणि बाळ कोण?"

"बहिणीचं आसंल. नसीमचं. हसणारी पण नसीमच असणार."

नसीम हुबळीला दिलेली. त्यांनी तिला माझ्याकडूनच फोन लावला. ती म्हणाली, मला असलं काही आठवत नाही, आणि मी अशी हसत नाही. तिच्या आवाजावरून ती थोडी दुखावल्यासारखी वाटली.

रफीकभाईंच्या मनात आलं, अब्बांना ऐकवूया. बरं वाटेल. मी टेपरेकॉर्डर घेऊन दवाखान्यात गेले. चाचा उताणे पडलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं, पण डोळे लख्ख. टेप सुरू झाला आणि ते डोळे बदलले. रफीकभाई त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "अब्बा, आपकी जवारी. याद है?"

चाचांनी मान हलवली. नाही, नाही. डोकं उशीवर इकडून तिकडे जोरजोरात. घशातून नुसता घरघर आवाज. मग ते आपल्या उजव्या हाताकडे बघू लागले. मेल्यासारख्या पडलेल्या त्या हाताकडे. पुन्हा रफीककडे, पुन्हा हाताकडे. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मला बघवेना. नर्स आली, मला बोलली, टेप बंद केला. बाहेर येऊन रफीकभाई म्हणाले, "चुकलंच माझं. हात गेलेल्या माणसाला हाताची याद करून दिली." आम्हा दोघांनाही तसंच वाटलं.

मी म्हटलं, हॉलंडच्या बाईंना कळवून टाकते, तानपुरा विकायला नाही. रफीकभाईंनी माझ्या हातातला टेपरेकॉर्डर घेतला.

"नका कळवू. म्या बनवतो."

"जवारी?"

"कॅसेट हाय की. समोर लावून बसतो. त्या आवाजाला पोचलो तर पोचलो. न्हाई तर दुकान असंबी बंदच हाय."

अब्बांच्या कानशीला त्यांनी तेव्हाही हात लावला नाही. बाजारातून नवी आणली. मी टेपरेकॉर्डर त्यांच्याकडेच ठेवला. पुढचे काही महिने गुरुवारी जाऊन मी काय बघितलं असेल तर हेच – एक माणूस घोडी घासतोय, तार छेडतोय, टेप लावतोय, मान हलवतोय, पुन्हा घासतोय. घोड्या बिघडल्या, फेकल्या. एकदा चिडून तो म्हणाला, "ताई, जवळ जातंय आन निसटतंय गड्या." मला गड्या म्हणाला आणि स्वतःच ओशाळला. वेबसाइटवर मी भोपळा कसा वाळवतात, खुंटी कशी घडवतात असलं काहीबाही लिहून वेळ मारून नेत होते.

जुलैमध्ये शबानाभाभींना मुलगी झाली. चाचा तोवर घरी आले होते. भिंतीला टेकवून बसवलं की दिवसभर दुकानात बसायचे. बोलणं नाहीच. टेप लागला की डोळे मिटून ऐकायचे.

ऑगस्टमध्ये रफीकभाईंचा फोन आला. "या. झाला वाटतंय."

ही दुपारची गोष्ट आहे, लख्ख उजेड होता, रस्त्यावर नेहमीची वर्दळ होती. मुद्दाम सांगते. चाचा भिंतीशी. रफीकभाईंनी तानपुरा मांडीवर घेतला. मी मार्चची कॅसेट काढून ठेवली, नवी घातली, बटण दाबलं. ते छेडू लागले.

पहिल्या झंकारालाच माझ्या हातावर काटा आला. पण तो आनंदाचा. जमलं होतं पठ्ठ्याला! त्याचा घाम, त्या फेकलेल्या घोड्या, सगळं माझ्या डोळ्यांपुढे होतं. तेवढ्यात आतल्या खोलीत बाळ रडायला लागलं. रफीकभाईंचा हात थबकू लागला आणि भिंतीकडून आवाज आला, जड, बोबडा –

"रोने दे उसकू... तू बजा."

सहा महिन्यांत पहिले शब्द. रफीकभाईंचं तोंड उघडं राहिलं, पण हात थांबला नाही. बापानं सांगितलं होतं, बजा. आत भाभींनी बाळाला उचललं असावं, ते दोनदा फटाफट शिंकलं. मला इतका आनंद झाला होता की मी हसले. माझं हसणं आधी नाकातून फुर्रकन निघतं आणि मग वर चढतं, भाऊ त्यावरून मला लहानपणापासून चिडवतो. ते हसू अर्ध्यात असतानाच मला कळलं की हे मी ऐकलंय.

आपलाच आवाज टेपवर आपल्याला ओळखू येत नाही, हे सगळ्यांनाच माहीत आहे. ती खिंकाळणारी बाई मी होते.

आम्ही मार्चची कॅसेट लावली. मग आजची लावली. मग पुन्हा मार्चची. भाभी बाळ घेऊन दारात उभ्या होत्या. रस्त्यावर एक भाजीवाला दर सांगत होता.

मला विचाराल तर मी सगळे उपाय केले. सांगलीत लाउडस्पीकरचा धंदा करणारा एक मित्र होता, त्याला दोन्ही कॅसेट न सांगता ऐकवल्या. तो म्हणाला, "एकाच रेकॉर्डिंगच्या दोन कॉप्या आहेत, यात काय विचारायचं?" मीच मागाहून तारखा घोळल्या असतील म्हणावं, तर ती बाळाच्या रडण्याची ई-मेल मार्चची होती आणि बाळ जुलैचं. ती बाई खोटं कशाला बोलेल? तिला तर यातलं काही माहीतही नव्हतं. तानपुरा हॉलंडला पोचल्यावर तिनं लिहिलं, हाच, अगदी हाच. एवढे महिने का लावलेत?

रफीकभाईंना वेगळीच गोष्ट खात होती. "ताई, म्या त्या टेपवरनं ऐकून जवारी काढली. आन टेपवर तीच जवारी. मग पहिली काढली कुणी?" मी म्हटलं, डोकं शिणवू नका. माझंही शिणलं होतं.

चाचांचं बोलणं हळूहळू सुटत गेलं. थंडीत एकदा गेले तर ते चांगलं बोलत होते, उजव्या हाताची बोटंही थोडी वळायला लागली होती. मी धीर करून विचारलं, "चाचा, दवाखान्यात तो टेप ऐकून तुम्ही एवढे रडलात. आम्ही उगीच तुम्हाला हाताची आठवण करून दिली ना?"

ते म्हणाले, "आवं, त्यो म्हणत हुता, आपकी जवारी. मी मान हलवून सांगत हुतो, माझी न्हाई. मला माझी जवारी वळखाय येत न्हाई व्हय? त्यो रफीकचा हात हुता. ऐकू आला मला."

"पण चाचा, तेव्हा रफीकभाईंनी कानस धरलीही नव्हती."

"त्ये मला काय म्हाईत? मी ऐकलं तेवढं सांगतो." अगदी माझे आजोबाच. "कानस त्याच दिशी दिली असती, बेटी. लय बघितलं उचलून. पण उजवा हात उठंना. आन ही चीज डाव्या हातानं देत न्हाईत."

रफीकभाई कोपऱ्यात दांडी घासत होते. त्यांचा हात थांबला. चाचा म्हणाले, "वो उतार." रफीकभाईंनी खिळ्यावरचं फडकं काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं. डाव्या हातानं त्यांनी ते सोडलं, कानस उजव्या पंजात बसवली, खालून डाव्या हाताचा टेकू दिला आणि रफीकभाईंपुढे केली.

वेबसाइट पुढे दोन-तीन वर्षांत बंद पडली. जिथं ती फुकट ठेवली होती ती कंपनीच उठली. मार्चची कॅसेट माझ्याकडे आहे, पण आता तिच्यात नुसती खरखर ऐकू येते. हे सगळं कसं झालं ते मला आजही सांगता येत नाही. तानपुरे रफीकभाई अजून बनवतात, आणि त्यांची मुलगी आता शेजारी बसून खुंट्या घडवते.